पाणी थंड, तरी फॅन सुटत नाही: जुन्या डिझेल ट्रकवरच्या हवेच्या फॅनचा परतपरत येणारा बिघाड

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. इंजिनाचं पाणी तापलेलं नाही, टेंपरेचरचा काटा रोजच्या जागेवर आहे, आणि तरी पुढचा फॅन एकदम गर्जायला लागतो. कधी दोन मिनिटांत सुटतो, म्हणजे पुलीपासून मोकळा होऊन शांत होतो, कधी अर्धा तास सुटायचं नाव घेत नाही. गाडी ओढायला जड जाते, डिझेल जास्त लागतं, केबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. वर्कशॉपमध्ये नेऊन उभी केली की मात्र शहाण्यासारखी वागते. मग कोणीतरी फॅन क्लचचं, म्हणजे फॅनला पुलीशी जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाचं, किट बदलतं, काही दिवस बरे जातात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

किट पुन्हापुन्हा का जातं? कारण बऱ्याच वेळा हब, म्हणजे क्लचचा मधला फिरता भाग, हा मार खाणारा असतो, मारणारा दुसरीकडेच असतो. हबला हवा अर्धवट पोचली की लायनर, म्हणजे घासून पकड घेणारा थर, धड पकडत नाही आणि धड सोडतही नाही, घासत राहतो आणि जळतो. हवा अर्धवट का पोचली हे न शोधता नवा लायनर घातला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की फॅन बिघडलेला असताना, त्याच क्षणी, हबच्या तोंडाशी किती हवा आहे आणि ती हवा सोडणाऱ्या व्हॉल्वच्या कॉइलला करंट आहे की नाही, या दोन गोष्टी कळल्याशिवाय हबला पाना लावू नये. पाना लावायचं काम सोपं वाटतं म्हणून लोक तिथून सुरुवात करतात. नडतं ते तिथेच.

आधी तुमचा फॅन कोणत्या जातीचा ते ठरवा

हवेच्या फॅन क्लचच्या दोन जाती आहेत. एकीत स्प्रिंग फॅन लावते आणि हवा त्याला सोडवते. दुसरीत उलट, हवा फॅन लावते आणि स्प्रिंग सोडवते. जुन्या अमेरिकी ट्रकांवर हॉर्टन आणि कायसर ही नावं हबवर दिसतील, पण नावावरून जात ओळखायला जाऊ नका, वागण्यावरून ओळखा. इंजिन बंद करा, किल्ली काढा, चाकांना उटी लावा आणि टाकीतली हवा पूर्ण सोडून द्या. आता फॅनची पाती हाताने फिरवून बघा. पुलीला घट्ट चिकटलेला असेल, म्हणजे फिरवायला गेल्यावर पट्टा ओढला जात असेल, तर स्प्रिंगने लागणारा. सहज फिरत असेल तर हवेने लागणारा.

इथून पुढे मी मुख्यतः पहिल्या जातीबद्दल लिहितो आहे, कारण वर लिहिलेली तक्रार तिचीच असते. दुसऱ्या जातीचं दुखणं वेगळं असतं, ते शेवटी.

स्प्रिंगने लागणाऱ्या फॅनची रचना मुद्दाम तशी केलेली असते. हवा गेली, नळी फुटली, वायर तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी फॅन लागलेला राहतो आणि इंजिन वाचतं. म्हणजे हवा किंवा करंट कुठेही तुटला तरी दिसणारं लक्षण एकच, फॅन चालू. त्यामुळेच नुसत्या लक्षणावरून दोष सांगता येत नाही आणि अंदाजपंचे सुटे भाग बदलणं महागात पडतं.

हवेचा रस्ता असा असतो: टाकीतून निघते, बहुतेक गाड्यांवर एका छोट्या फिल्टरमधून जाते, सोलेनॉइड व्हॉल्वमध्ये, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने उघडबंद होणाऱ्या व्हॉल्वमध्ये, येते, तिथून नळीने हबच्या मागच्या बाजूला, आणि स्थिर नळी व फिरता हब यांच्यामधल्या फिरत्या सीलमधून पिस्टनपर्यंत. पिस्टन स्प्रिंग दाबून धरतो आणि लायनर सुटतो. करंटचा रस्ताही एकाच माळेचा. किल्लीच्या पुढून फ्यूज, मग डॅशबोर्डवरचा हाती स्विच, इंजिनाच्या पाण्यातला टेंपरेचर स्विच, एसी असेल तर त्याचा प्रेशर स्विच, मग कॉइल, मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या ऋणाकडची परतीची वाट. नेहमीच्या स्थितीत हे सगळे स्विच जोडलेले असतात, कॉइलला करंट असतो, व्हॉल्व उघडा असतो आणि फॅन मोकळा असतो. पाणी तापलं की टेंपरेचर स्विच तुटतो, कॉइल मरते, व्हॉल्व हबमधली हवा फस्सकन बाहेर सोडतो आणि फॅन लागतो. काही गाड्यांवर मध्ये रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच, असतो, इलेक्ट्रॉनिक इंजिनांवर हा हुकूम संगणक देतो, पण जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीवर मामला एवढाच आहे.

दोन गोष्टी दोष नसतात, त्या आधी बाजूला काढा. रिकाम्या टाकीवर गाडी चालू केली की हवा भरेपर्यंत फॅन फिरणारच. आणि एसी लावल्यावर फॅन मधूनमधून लागणं हेही ठरलेलंच आहे. एसी बंद केल्यावरही तक्रार राहते का, हे ड्रायव्हरला विचारा. निम्म्या चौकशा इथेच संपतात.

एक गेज आणि एक दिवा, दोन्ही केबिनमध्ये

गाडी वर्कशॉपमध्ये आली की दोष पळून जातो, मग आपणच दोषाबरोबर गाडीत बसायचं. सोलेनॉइडपासून हबकडे जाणाऱ्या नळीत, जमेल तितकं हबच्या जवळ, एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवा. तिथून ब्रेकच्या हवेसाठी वापरतात तीच नायलॉनची बारीक नळी केबिनपर्यंत आणा आणि तिला शून्य ते दोनशे पीएसआयचं (हवेच्या दाबाचं माप) गेज लावा. साधी मऊ प्लास्टिकची नळी नको. सायलेन्सर, पट्टे आणि फॅनची पाती यांच्यापासून नळी लांब बांधा.

दुसरं, कॉइलच्या दोन टोकांवरून दोन वायरी काढून केबिनमध्ये एक छोटा तारेचा बल्ब लावा, मधे एक लहान फ्यूज घालून. एलईडी नको. एलईडी मेलेल्या व्होल्टेजवरही हसत राहते. तारेचा बल्ब व्होल्टेज पडलं की मंद होतो आणि तेच आपल्याला बघायचं आहे. मल्टीमीटर बांधता आला तर फारच उत्तम.

टाकीचं गेज डॅशबोर्डवर असतंच, पण जुन्या गाडीवरच्या त्या काट्यावर माझा विश्वास नाही. फॅन सुटलेला असताना आपलं गेज आणि गाडीचं गेज यांत किती फरक पडतो ते एकदा बघून लिहून ठेवा.

आता गाडी रस्त्यावर न्या, माल भरलेली असेल तर अजून चांगलं, आणि फॅन विनाकारण लागेपर्यंत चालवा. शेजारी बसलेल्याने गेज आणि दिवा बघायचा, ड्रायव्हरने नाही. फॅन लागल्याच्या क्षणी चारपैकी एक चित्र दिसेल.

दिवा विझला आणि गेज शून्यावर गेलं, तर व्हॉल्वने हुकूम पाळला आहे. करंट कुठेतरी तुटला, दोष माळेत आहे किंवा कुठला तरी स्विच खरोखरच फॅन मागतो आहे. दिवा पेटलेला आणि गेज शून्य, तर व्हॉल्व किंवा त्याला मिळणारं व्होल्टेज. दिवा पेटलेला आणि गेज मधेच कुठेतरी अडकलेलं, समजा पन्नास-साठवर, तर हवेची गळती. दिवा पेटलेला, गेज पूर्ण भरलेलं आणि फॅन तरीही गर्जतो आहे, तर मात्र हब. चारपैकी फक्त एकाच चित्रात हबवर बोट जातं, हे लक्षात घ्या.

मधेच अडकलेलं गेज

सगळ्यात जास्त नुकसान करणारी अवस्था हीच, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

ट्रकच्या टाकीतली हवा साधारण १०० ते १२० पीएसआयच्या दरम्यान खालीवर होत राहते. खाली आली की गव्हर्नर कॉम्प्रेसर चालू करतो, वर गेली की बंद. हबची स्प्रिंग पूर्ण दाबायला किती हवा लागते ते त्या हबच्या कागदावर असतं. त्याहून खाली गेली की लायनर पुलीला टेकायला लागतो, पण घट्ट पकडत नाही. या घसरण्यात उष्णता तयार होते आणि ती जाते लायनरमध्ये व शेजारच्या बेअरिंगच्या ग्रीसमध्ये. मोठ्या ट्रकचा फॅन पूर्ण वेगात वीस ते पन्नास अश्वशक्ती सहज खातो. तेवढ्या ताकदीचा थोडासा भाग जरी घासण्यात गेला तरी लायनर काळा पडायला वेळ लागत नाही. उतारावर सारखा ब्रेक मारल्यावर किंवा गर्दीत दर मिनिटाला ब्रेक लागल्यावर फॅन लागतो अशी तक्रार असेल, तर हेच चित्र आधी मनात धरा. ब्रेकने टाकी खाली आणली आणि हबची हवा काठावर होती ती काठाखाली गेली.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती पुष्कळदा चुकते. फिल्टर चोंदला म्हणून हबची हवा कमी पडली, असं सरसकट म्हटलं जातं. पण नुसती कोंडी प्रेशर कायमचं खाली आणू शकत नाही. पुढे गळती नसेल तर चोंदलेल्या फिल्टरमधूनही हवा हळूहळू जाते आणि शेवटी हबचं प्रेशर टाकीएवढं होतंच. फक्त उशीर लागतो. तेव्हा फॅन सुटायला वेळ लागतो पण शेवटी पूर्ण सुटतो, तर कोंडी. गेज खालच्या आकड्यावर जाऊन तिथेच बसतं, तर पुढे गळती आहे. कोंडी आणि गळती दोन्ही असतील तर गेज बरंच खाली बसतं, आणि अशा वेळी फिल्टर बदलल्यावर प्रेशर वाढतं व माणूस खूश होतो. गळती तिथेच असते. महिनाभराने फिल्टर पुन्हा थोडा भरतो आणि तक्रार परत येते.

गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. इंजिन बंद, टाकी भरलेली, किल्ली चालू म्हणजे कॉइलला करंट. टाकीपासून सुरू करा. प्रत्येक जोड, नळी जिथे चॅसीला घासते तो भाग, मग सोलेनॉइड. सोलेनॉइडला हवा बाहेर टाकायचं एक भोक असतं. कॉइल चालू असताना त्या भोकावर बुडबुडे आले तर आतली सीट बसत नाही. तिथे कचरा असतो किंवा रबर फुगलेलं असतं. मग हबच्या मागे, नळी आत शिरते तिथे. तिथे साबणाच्या पाण्याचा फेस सतत वाढत राहिला तर फिरतं सील गेलं.

एक अडचण उरते. फिरतं सील थंड आणि थांबलेलं असताना हवा धरून ठेवतं, गरम होऊन फिरायला लागलं की सोडतं. ते साबणाने सापडत नाही, आणि चालू इंजिनावर तिथे हात घालायचा विचारही करू नका. ते गेजवर सापडतं: इंजिन चालू असताना प्रेशर खाली बसलेलं, इंजिन बंद करून किल्ली पुन्हा चालू केली की काटा चढून टाकीएवढा होतो. असं दिसलं की फिरतं सील किंवा त्याला टेकून असलेलं बेअरिंग. बेअरिंगला खेळ आला की शाफ्ट डुलतो आणि नवं सीलही कापलं जातं, म्हणून सील बदलताना बेअरिंग बघितल्याशिवाय बंद करू नका.

सील का जातं, हाही प्रश्न विचारायला हवा. टाकीच्या तळाचा कॉक उघडा आणि काय बाहेर येतं ते पांढऱ्या फडक्यावर घ्या. नुसतं पाणी आलं तर ड्रायर, म्हणजे हवेतली ओल काढणारा भाग, संपला आहे. दुधट चिकट माल आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे. ते तेल सोलेनॉइडमध्ये जाऊन चिकट होतं, काही रबरं त्याने फुगतात, आणि थंड हवेत पाणी गोठून व्हॉल्व अडकतो. कॉम्प्रेसर आणि ड्रायर नीट केल्याशिवाय हबमध्ये नवं किट घालणं म्हणजे पैसे टाकीत ओतणं. गव्हर्नरही बघा. तो घसरून कॉम्प्रेसर उशिरा चालू करत असेल तर हब, नळी, सील सगळं निर्दोष असूनही फॅन ब्रेकबरोबर लागेल.

लागला की सुटत नाही, थंड झाल्यावर आपोआप बरा

हा दुसरा चिवट प्रकार. एसीने किंवा गरम पाण्याने फॅन एकदा लागला. कारण संपलं, पाणी खाली आलं, तरी फॅन सुटत नाही. गाडी उभी करून जेवून आलात की सगळं सुरळीत. वर्कशॉपमध्ये कॉइल तपासली की टक आवाज करून ओढते. मेस्त्री म्हणतो काही नाही झालेलं, आणि त्याच्या परीने खरंच सांगत असतो.

कारण तांब्यात आहे. तापमान एक अंशाने वाढलं की तांब्याचा अडथळा साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. वीस अंशांची कॉइल इंजिनाशेजारी आणि स्वतःच्याच करंटने तापून शंभर अंशांवर गेली, तर अडथळा जवळजवळ एक तृतीयांश वाढतो आणि करंट पाव हिश्शाने घटतो. चुंबकाची ओढ त्याहून जास्त घटते. शिवाय आतला प्लंजर, म्हणजे सरकणारा लोखंडी दांडा, लांब असताना त्याला ओढायला जास्त जोर लागतो, एकदा चिकटला की धरून ठेवायला थोडा पुरतो. म्हणून गरम, अशक्त कॉइल सकाळपासून ओढलेला प्लंजर तासनतास धरून ठेवते. एकदा सोडला की मात्र पुन्हा ओढू शकत नाही. थंड झाली की ओढते.

नवी कॉइल नव्या वायरीवर गरम असतानाही ओढतेच, तेवढी सूट बनवणाऱ्याने ठेवलेली असते. ती सूट खाऊन टाकतं व्होल्टेज. हिरवा झालेला कनेक्टर, सैल फ्यूज होल्डर, जळका रिले कॉन्टॅक्ट, आणि सगळ्यात वरचढ म्हणजे अर्थ. जुन्या ट्रकवर कॉइलचा अर्थ बहुतेक वेळा जवळच्या कुठल्यातरी बोल्टला दिलेला असतो, आणि त्या बोल्टाखाली रंग, गंज आणि तेलाचा थर.

व्होल्टेज नेहमी कॉइल जोडलेली असताना मोजा. प्लग काढून टोकावर मोजलंत तर एका धाग्यावर लोंबकळणारी वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवेल. मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या धनावर, दुसरी कॉइलच्या धन टोकावर, किल्ली चालू. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर तेवढं व्होल्टेज वाटेत गळतं आहे. तसंच बॅटरीच्या ऋणापासून कॉइलच्या अर्थ टोकापर्यंत. आकडा जास्त निघाला की दुसरी सुई एकेक जोड मागे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम पडला त्याच्या आणि आधीच्या जोडाच्या मधे दोषी सापडला. हे काम कॉइल गरम असतानाच करायचं, जेवायला जायच्या आधी.

गरम अवस्थेत इंजिन बंद करून बॅटरीवरून थेट दोन वायरी कॉइलला लावा. टक आवाज आला आणि हबकडे हवा गेली तर व्हॉल्व चांगला, वायरिंग वाईट. आवाज नाही, किंवा पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावरच येतो, तर व्हॉल्व बदला. काही कॉइलमध्ये आत डायोड असतो, त्यांना धन-ऋण उलटं चालत नाही, वायरींचे रंग बघून लावा.

व्हॉल्व बदलताना एक सापळा आहे. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन व्हॉल्व मिळतात. एक करंट दिल्यावर हबकडे हवा जाऊ देतो, दुसरा करंट दिल्यावर ती अडवतो. टेंपरेचर स्विचचंही तसंच, एक तापल्यावर तुटतो, दुसरा तापल्यावर जुळतो. एक उलटा बसला तर फॅन थंड इंजिनावर फिरतो आणि गरम इंजिनावर गप्प बसतो. दोन्ही उलटे बसले तर फॅन वरकरणी बरोबर चालतो आणि कोणाला संशय येत नाही. फक्त आता वायर तुटली तर फॅन लागायच्या ऐवजी कायमचा सुटून राहील. जुन्या, चार हातांतून गेलेल्या गाडीवर हे पहिल्याच दिवशी तपासा: इंजिन बंद, किल्ली चालू, फॅन मोकळा, आणि कॉइलचा प्लग काढला की फस्स होऊन फॅन घट्ट झाला पाहिजे.

हीच तपासणी रस्त्यात उपयोगी पडते. फॅन कधी लागतो कधी नाही असा खेळ करत असेल तर सरळ कॉइलचा प्लग काढून ठेवा. फॅन सतत चालेल, डिझेल जाईल, आवाज होईल, पण इंजिन घरी पोचेल. याच्या उलट जुगाड, म्हणजे व्हॉल्वला वळसा घालून हबला कायमची हवा देणं आणि फॅन बंद ठेवणं, हे कोणी सुचवलं तरी करू नका.

दिवा विझतो अशा गाडीवर माळेतले स्विच एकेक करून वायरने जोडून बघायचे. ज्याला वळसा घातल्यावर तक्रार थांबते तो स्विच, किंवा तो स्विच ज्याच्यावर नजर ठेवतो ती गोष्ट. यापेक्षा जास्त त्यात काही नाही. वळसा घातलेली गाडी चढावर न्यायची नाही, इतकंच सांभाळा.

फॅन खरं बोलत असेल तर

काटा थंड दाखवतो म्हणजे पाणी थंड आहे असं नाही. काट्याचा सेन्सर एका ठिकाणी, फॅनचा स्विच दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही आपापल्या जागेचं खरं सांगत असतात. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व, बहुधा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो, फॅनचा स्विच त्याच्या वर, बऱ्याच गाड्यांवर ९३च्या आसपास. या दोन आकड्यांच्या मधे, रेडिएटरसमोर हवेवर चालणाऱ्या झडपा असतील तर त्या उघडायला हव्यात. हा क्रम बिघडला, झडपा बंद असतानाच फॅन लागला, तर हवेविना फिरणाऱ्या पात्यांवर भलता ताण येतो. झडपांचा स्विच आणि फॅनचा स्विच यांची अदलाबदल झालेली असू शकते. अंगावर कोरलेले आकडे वाचा.

स्विच काढून गरम पाण्यात थर्मामीटरशेजारी बुडवून मल्टीमीटर लावला की तो कुठे तुटतो ते सरळ दिसतं. तो काढण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. स्विच बरोबर निघाला तर रेडिएटर बाहेरून बघा, आणि फक्त समोरून नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि किड्यांचा नमदा बसलेला असतो. समोरून दोन्ही चकचकीत दिसतात. कंडेन्सर मोकळा करून मधून धुतल्यावर फॅनचं सारखं लागणं थांबलेल्या गाड्या थोड्याथोडक्या नाहीत. एसीमध्ये गॅस जास्त भरला तरी त्याचा प्रेशर स्विच फॅनला उठसूट हाका मारतो, आणि प्रत्येक हाकेला लायनर थोडा झिजतो.

हब उघडायची वेळ आलीच तर

दिवा पेटलेला, गेज भरलेलं, फॅन तरी चालू. आता हब. इंजिन बंद ठेवून, हबला पूर्ण हवा असताना फॅन हाताने फिरवा. खरखर किंवा अडकणं जाणवलं तर बेअरिंग. मोकळा फिरतो पण इंजिन चालू झाल्यावर ओढला जातो, तर गरम होऊन आवळणारं बेअरिंग किंवा सुजलेला, सोललेला लायनर. लायनरवर काचेसारखी चकाकी दिसली की तो घासून जळला आहे, आणि मग मागच्या सगळ्या गोष्टी तपासल्याशिवाय नवा घालू नका. तेलाचा डाग दिसला तर तेल कुठून आलं ते आधी. पाती हाताने चाचपून मुळाशी चीर आहे का बघा. चीर असलेला फॅन एक किलोमीटरही चालवू नये.

आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हब कसा उघडायचा, कोणते बोल्ट आधी, हे त्या हबच्या पुस्तिकेप्रमाणेच करा. आणि चालू इंजिनावर हबची नळी कधीही सोडवू नका, कारण हवा निघताक्षणी फॅन तुमच्या हाताशेजारी पूर्ण वेगाने लागेल. किट घेताना फक्त लायनर न घेता सील आणि बेअरिंगसकट घ्या. हब दोनदा उतरवायची मजुरी त्यापेक्षा जास्त पडते.

हवेने लागणारा फॅन

यात सगळं उलटं वाचा. हवेची गळती झाली की फॅन लागत नाही, किंवा लागून घसरतो. आवाज वाढत नाही, कोणी तक्रार करत नाही, आणि पहिलं लक्षण दिसतं ते चढावर, काटा लालमध्ये गेल्यावर. म्हणून अशा गाडीवर दोषाची वाट बघायची नाही. अधूनमधून डॅशबोर्डच्या स्विचने फॅन लावून बघायचा. लागल्याबरोबर आवाज दणकन चढला पाहिजे. रेंगाळत चढत असेल तर हबशी गेज लावा आणि फॅन लागलेला असताना ते टाकीएवढं आहे का बघा. कमी असेल तर गळती वरच्याच पद्धतीने शोधा. पूर्ण असूनही घसरत असेल तर लायनर झिजलेला किंवा तेलकट आहे. या जातीच्या बऱ्याच हबवर फॅन आणि पुली एकत्र आवळायला बोल्टची भोकं दिलेली असतात. योग्य मापाचे बोल्ट गाडीच्या हत्यारपेटीत आहेत का, ते आजच बघून ठेवा. ते लावले की फॅन कायमचा लागलेला राहतो आणि गाडी सावकाश वर्कशॉपपर्यंत येते.